सात तव्यांची काडी

मला कुत्री आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. पुढं काडीबद्दल मी चार बरे शब्द लिहिले तर ते लाडानं लिहिले असं कुणी समजू नये. मला माणसंसुद्धा बेताचीच आवडतात. त्यातली एक नीलम्मा, आणि काडी तिची कुत्री, म्हणून हे लिहिणं आलं.

मी मूळची मोहोळची, नोकरी सोलापुरात जिल्हा परिषदेत. बाळीवेशीत नीलम्माच्या घरात वरच्या मजल्यावर बरीच वर्षं भाड्यानं राहते. खाली तिचं कडक भाकरीचं केंद्र आहे. पहाटे सात जणी आपापल्या शेगडीपुढं परात घेऊन बसतात आणि थापायला सुरुवात करतात. माझ्याकडं मुक्कामाला आलेले पाहुणे पहिल्या दिवशी दचकून उठतात, दुसऱ्या दिवशी कानावर उशी घेतात आणि तिसऱ्या दिवशी जाताना पन्नास भाकऱ्या बांधून नेतात.

नीलम्मा पन्नाशीची. माहेर अक्कलकोटच्या पुढं, मैंदर्गीकडं. त्यामुळं ती आकडे कानडीत मोजते, देवाशी कानडीत बोलते आणि बाकी जगाशी तिच्या खास मराठीत. उंचीला बेताची, अंगानं भरलेली, कपाळाला विभूती. तिचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. पण ताटावर बसवलं की ही बाई कुणाचं ऐकत नाही. वाढू का, असं विचारायची पद्धत तिच्याकडं नाहीच. नको म्हणायला तुम्ही हात आडवा धरेपर्यंत बोटांच्या फटीतून तूप खाली पोचलेलं असतं. गॅसची टाकी आणणारा, मीटर बघायला आलेला, सगळे तिच्या ओट्यावर बसून शेंगाची चटणी आणि दही-भाकरी खाऊन गेलेले मी बघितलेत. एकजण तर शेजारच्या घराचा पत्ता विचारायला थांबला होता. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, आणि त्या वेळी त्यानं पत्ता विचारला नाही.

तिचा नवरा गुरुबसप्पा सूतगिरणीत होता. गोड बोलणारा माणूस, पण दम्यानं पार पिळून काढलेला. दोन वाक्यांच्या मध्ये तो श्वास शोधायला थांबायचा आणि आपण उगाच दुसरीकडं बघायचं. गिरणी बंद पडल्यावर त्याच्या आईनं, पार्वतम्मानं, एका तव्यावर भाकऱ्या करून विकायला सुरुवात केली. तो तवा नीलम्मानं हातात घेतला आणि त्याचे सात केले. मधल्या काळात मुलगी विजापूरला दिली, सासू गेली, आणि सहा वर्षांपूर्वी गुरुबसप्पाही गेला.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात काडी आली. गल्लीतल्या पाण्याच्या टाकीखाली पडलेलं तांबूस पिल्लू, बरगड्या मोजून घ्याव्यात असं. नीलम्मानं ते पदरात घालून आणलं, काडी नाव ठेवलं आणि कुस्करलेली दूध-भाकरी बोटानं चाटवली. पुढं कुत्र्यांची नसबंदी करणारी गाडी गल्लीत आली, तिच्यातून जाऊन काडी खुणेसाठी कान कातरून परत आली. त्यानंतर जी अंगानं सुटली ती सुटलीच. तीन-चार वर्षांत नाव तेवढं काडी राहिलं. पाय आखूड दिसायला लागले, मान नाहीशी झाली, आणि बसली की धोब्यानं बांधून ठेवलेलं गाठोडं वाटायची.

त्याबरोबर तिचा श्वास वाजायला लागला. जागी असली की जीभ बाहेर काढून धापायची, झोपली की घोरायची, आणि दोन्ही मला वरपर्यंत ऐकू यायचं. जिन्याच्या तीन पायऱ्या चढली की चौथीवर बसून राहायची. मी नीलम्माला सरळ सांगितलं, तुझी कुत्री जाड झालीय. तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी एखाद्या बाळाला नजर लावली. अंगानं भरलीय, एवढंच म्हणाली. श्वासाचं कारण तिच्या मते वेगळंच होतं. तिला तो आवाज ओळखीचा होता, वीस वर्षं तिनं तो शेजारच्या अंथरुणावर ऐकला होता. तिनं ठरवून टाकलं, काडीला दमा आहे.

दम्यावर काय करायचं ते तिला पाठ होतं. गुरुबसप्पा खंगत चालला होता तेव्हा त्याला ताकद यावी म्हणून ती डिंकाचे लाडू करायची. तेच लाडू आता काडीसाठी वळले जाऊ लागले. वर कोमट दुधात हळद आणि तुपाचा चमचा. लाडवानं काडी आणखी धापायला लागली, आणि ती जास्त धापते म्हणून नीलम्मा आणखी एक लाडू द्यायची. मी कपाळावर हात मारून वर निघून जायची.

हे असंच चाललं असतं. पण यंदा सिद्धेश्वराच्या, गड्ड्याच्या यात्रेत, संक्रांतीच्या आसपास, नंदीध्वजांची मिरवणूक बघायला नीलम्मा निघाली आणि काडी तिच्या मागं निघाली. गर्दी, हलग्या, माणसांचे पाय. काडी घाबरली आणि घराच्या दिशेनं पळत सुटली. ज्या कुत्रीला तीन पायऱ्यांनंतर बसावं लागतं ती बाळीवेशीपर्यंत पळत आली. मी दारातच होते. उंबऱ्यापाशी तिचे मागचे पाय खचले आणि ती आडवी झाली. तोंड उघडं, छाती भात्यासारखी खालीवर, आणि जीभ लाल नव्हती, जांभळट निळी पडली होती. बाहेर चांगली थंडी होती.

मागून नीलम्मा धावत आली ती गुळाचं पाणी आणायला आत वळली. मी तिला दंडाला धरून थांबवलं. गल्लीच्या तोंडाशी राहणारा मैनुद्दीन, जो रोज तिचे भाकऱ्यांचे गठ्ठे स्टँडवर पोचवतो, त्यानं रिक्षा काढली. यात्रेच्या गर्दीतून हॉर्न वाजवत, शिव्या देत आणि खात त्यानं आम्हाला सात रस्ता चौकाकडं जनावरांच्या एका दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर जोया, वय फार तर तीस. त्यांनी लगेच काडीच्या तोंडावर ऑक्सिजनची नळी धरली. जीभ हळूहळू गुलाबी झाली. नीलम्मा भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या ओठांतून कानडीत काहीतरी अखंड चाललं होतं.

मग डॉक्टरांनी काडीची छाती ऐकली, हृदय तपासलं, तिला काट्यावर उभं केलं. दमा नाही, म्हणाल्या. असायला पाहिजे त्याच्या दीडपट वजन आहे, दुखणं ते आहे. त्यांनी समजावून सांगितलं ते मला चटकन पटलं. श्वास घ्यायला छातीला फुगावं लागतं. हिच्या छातीत आणि पोटात चरबी दाटलीय, ती आतून रेटते आणि फुप्फुसांना फुगायला जागा देत नाही. गळ्याभोवतीही तीच, त्यामुळं वारा आत जायची वाट अरुंद, म्हणून ते घोरणं. शिवाय कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते धापूनच अंग गार करतं. चरबीची गोधडी पांघरलेल्या कुत्र्याला जास्त धापावं लागतं, आणि हिला तर धापायलाच दम पुरत नाही.

नीलम्मा हे ऐकत होती की नाही, कोण जाणे. डॉक्टरांनी विचारलं, खायला काय घालता? ती म्हणाली, सकाळी एक भाकरी, आन् जरा औषधाचा लाडू. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, तिनं दोन्ही वेळा एकच भाकरी सांगितली. ती खोटं बोलणारी बाई नाही, हे मी शपथेवर सांगू शकते.

"मावशी, आता थंडी आहे म्हणून वाचली," डॉक्टर म्हणाल्या. "सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. या वजनावर ती मे महिना काढेल असं मला वाटत नाही."

परत येताना रिक्षात नीलम्मा काडीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मग म्हणाली, एका भाकरीवर का कुणी जाड होतंय? लाडू बंद करीन, पण ती भाकरीसुद्धा काढली तर जनावर उपाशी मरेल. मैनुद्दीननंही समोरूनच मान हलवली. मला मात्र चैन पडेना. कचेरीत मी इतकी वर्षं काढलीत की कुणाच्याही सांगण्यावर, स्वतः जाऊन बघितल्याशिवाय, माझा विश्वास बसत नाही.

शनिवारी सुट्टी होती, पहाटे मी चहाचा कप घेऊन जिन्यात बसले. तिथून सगळा भाकरीखाना दिसतो. नीलम्मा सर्वांत पुढं, रस्त्याकडं तोंड करून बसते, बाकीच्या सहा जणी तिच्या पाठीमागं. पार्वतम्माचा एक नेम या घरात अजून चालतो. तव्यावरून उतरलेली पहिली भाकरी विकायची नाही, ती दारात आलेल्या मुक्या जिवाची. पूर्वी गल्लीत गाय यायची. आता गाय येत नाही, म्हणून ती भाकरी काडीची. नीलम्मानं आपली पहिली भाकरी काडीपुढं ठेवली, हात जोडले आणि कामाला लागली. काडीनं ती संपवली आणि शांतपणे मागच्या रांगेत गेली.

तिथं सारजाबाईनं तिची पहिली भाकरी ठेवलीच होती. सारजाबाई सगळ्यांत जुनी, पार्वतम्माच्या हाताखाली शिकलेली. तिच्या शेजारणीनं भाकरी निवेपर्यंत थांबून दिली. पुढचीनं दह्यात कुस्करून दिली. सर्वांत लहान दानेश्वरी पोराला शाळेत सोडून उशिरा येते, तिची पहिली भाकरी उन्हं वर आल्यावर निघाली, तेव्हा काडी तिच्यापुढं आधीच जाऊन बसली होती. सासूनं नेम घातला तेव्हा घरात तवा एक होता. तवे सात झाले, आणि प्रत्येक तव्याची पहिली भाकरी प्रत्येकीनं आपापल्या पुण्याईसाठी, दुसरीला न सांगता, मन लावून काडीला घातली. माझा चहा कधीच गार झाला होता.

काम उरकल्यावर मी नीलम्माला हे सांगितलं. तिला खरं वाटेना. तिनं एकेकीला विचारलं, आणि प्रत्येकीचं उत्तर तेच: मी एकच घालते की. सहाव्या उत्तरानंतर नीलम्मा ज्वारीच्या पोत्यावर बसली आणि तोंडाला पदर लावला. मला वाटलं हसतेय. ती हसत नव्हती.

आता सगळं सोपं झालं असं मला वाटलं. सहा जणींनी थांबायचं, संपलं. पण कोण थांबणार? सारजाबाईचा मुलगा ट्रक घेऊन लांब-लांब जातो, तो सुखरूप यावा म्हणून तिची भाकरी. दानेश्वरीला या घरात कामाला आल्यावर मूल झालं, तिची श्रद्धा तिथं. कुणाचं काय, कुणाचं काय. पाळी लावून बघितली, एका दिवशी एकीनंच घालायची. काडी प्रत्येकीच्या परातीपाशी जाऊन बसायची आणि तोंडाकडं बघत राहायची. दुसऱ्याच दिवशी सारजाबाईच्या डोळ्यांतलं पाणी पिठात पडलं आणि तिनं घालून टाकली. तिला रागावणार कोण? नीलम्मा स्वतःच दुपारी डब्यातून लाडू काढताना मला सापडली.

त्या दिवशी मी चिडले. माझं चिडणं गल्लीला नवीन नाही, पण त्या दिवशी जरा जास्तच बोलले. तुझ्या हातानं तू तिला मारतीयेस, म्हणाले. नीलम्मानं लाडू पुन्हा डब्यात ठेवला, डब्याचं झाकण लावलं आणि किती वेळ ते झाकण दाबूनच बसली.

"खायाला न्हाय घातलं तर माया दावायची कशानं, अक्का?" ती म्हणाली. "मला दुसरं काय येतंय?"

मी फणकाऱ्यानं वर निघून आले आणि जेवणावर राग काढला, म्हणजे तिच्याच भाकरीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालची थापाथाप सुरू व्हायला उशीर झाला म्हणून मी डोकावले. नीलम्मा सगळ्यांपुढं उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या सहा जणींकडं तोंड करून उभी राहिली असावी. तिच्या तळहातावर सुपारीएवढा पिठाचा गोळा होता. तो तिनं दोन बोटांनी थापला, तव्यावर टाकला, उलटला, आणि रुपयाएवढी चांदकी उचलून सगळ्यांना दाखवली. चांदकी आपण लहान पोरांना करून देतो, त्याहून ही लहान. आजपासून प्रत्येकीची पहिली भाकरी एवढी, म्हणाली. सारजाबाईला ते रुचलं नाही. पार्वतम्माचा नेम मोडतेस का, असं तिनं सरळ विचारलं.

"सासूबाईंनी भाकरी घाला म्हणलं हुतं," नीलम्मा म्हणाली. "केवडी घाला, हे कवा सांगितलं?"

मग दानेश्वरी खुदकन हसली, आणि मागोमाग बाकीच्या. पण गंमत पुढंच होती. डोळे मिटून ताटाएवढी भाकरी थापणाऱ्या त्या हातांना रुपयाएवढी भाकरी जमेना. कुणाची फाटली, कुणाची तव्यावर करपली, सारजाबाईची तर बोटालाच चिकटून राहिली. काडी सातही ठिकाणी गेली, सातही ठिकाणी तिला पहिली भाकरी मिळाली, सात जणींचे हात जोडले गेले, आणि सगळं मिळून तिच्या पोटात जेमतेम एक भाकरी गेली. दुपारी डॉक्टरांनी सांगितलेला उकडलेला भोपळा आणि मापात बाकीचं. लाडवांचा डबा नीलम्मानं माझ्याकडं वर आणून ठेवला. ते लाडू कुणी संपवले हे सांगायची गरज नाही, पण हिवाळा संपेपर्यंत माझं ब्लाउजही शिवणीत तंग झालं.

डॉक्टरांनी हळूहळू चालवायलाही सांगितलं होतं. नीलम्माला ते सगळ्यांत अवघड गेलं. कुत्र्याला पट्टा लावून फिरायला नेणं हे जुळे सोलापूरच्या नव्या वस्तीतल्या लोकांचं काम, बाळीवेशीत कोण बघेल? पहिले काही दिवस ती हातात पिशवी घेऊन निघायची, म्हणजे बाजारात चाललेय असं वाटावं. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर दोघी सिद्धेश्वर तळ्याच्या दिशेनं निघायच्या. विजेचे चार खांब गेले की काडी बसायची. मग तिला सोबत म्हणून नीलम्माही बसायची, कुणाच्याही पायरीवर. त्या पायरीवाल्या बाया बोलायला बाहेर यायच्या. फाल्गुनापर्यंत नीलम्माच्या गल्लीबाहेर इतक्या ओळखी झाल्या की चालण्यापेक्षा बसणंच जास्त व्हायला लागलं आणि काडीच पट्टा ओढून तिला उठवायला लागली. तेव्हापासून नीलम्मानं पिशवी घरी ठेवली.

काडी एकदम बारीक झाली, असं काही घडलं नाही. दवाखान्याच्या काट्यावर काटा जरा-जरा मागं यायचा आणि डॉक्टर जोया म्हणायच्या, असंच, घाई नको. तरी चैत्र लागला तसा नीलम्माचा जीव थाऱ्यावर नव्हता. सोलापूरचा मे म्हणजे दुपारी डांबरावर चप्पल चिकटते. ती काडीच्या जागी ओलं पोतं टाकायची, दाराला वाळ्याचा ओला पडदा बांधायची, आणि भाकरी थापता-थापता मान वळवून बघायची. बाकी सगळं विचारलं तर ती सुखात होती. धंदा बरा चालला होता, मुलगी विजापूरहून येऊन गेली होती. फक्त मे महिना तेवढा राहिला होता.

मेच्या मध्यावरचा शनिवार. मला सुट्टी होती. वरचा स्लॅब तापतो म्हणून अशा दुपारी मी खाली नीलम्माच्या शहाबादी फरशीवर झोपायला जाते. भाकरीच्या बाया घरी गेल्या होत्या. लाइट गेलेली, पंखा बंद. एका बाजूला मी, एका बाजूला नीलम्मा, मध्ये ओल्या पोत्यावर काडी. माझा डोळा लागला होता. नीलम्मा अचानक उठून बसली त्यानं मला जाग आली.

तिचा चेहरा पांढरा पडला होता. हात काडीच्या अंगावर धरलेला, पण टेकवलेला नव्हता.

"अक्का, तुमी बघा की," ती म्हणाली. "आवाज न्हाय. मला हात लावायचं धाडस न्हाय."

खरंच खोलीत काही आवाज नव्हता. मी सरकले आणि काडीच्या कुशीवर हात ठेवला. पूर्वी तिथं नुसतं मऊ लागायचं, आता कातड्याखाली बरगड्या लागल्या. त्या हळूच वर आल्या, हळूच खाली गेल्या. पुन्हा वर आल्या. मी म्हणाले, झोपलीय ग, छान झोपलीय. नीलम्माचा हात धरून मी तो तिथं ठेवला. बराच वेळ तिनं तो तसाच ठेवला.

"मालक गेले तवा अशीच दुपार हुती," ती म्हणाली. "मी तव्याम्होरं. आतला आवाज थांबला. मला वाटलं, बरं झालं, डोळा लागला. आन् मी आनकी चार भाकऱ्या थापल्या, अक्का."

इतक्या वर्षांत हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. तेवढ्यात काडीनं एक डोळा उघडला, आम्हा दोघींकडं कंटाळून बघितलं आणि हनुवटी नीलम्माच्या पावलावर टेकून पुन्हा मिटला. नीलम्मा तिच्या बरगड्यांवर हात ठेवून रडायला लागली, आणि रडता-रडताच हसत म्हणाली, "आवाज न्हाय म्हंजे बरं बी असतंय की ओ."

मी तिला रडू दिलं. काडी झोपलेलीच होती.